नऊ नारळांनी हलकी सायकल

सायकलच्या चाकांबद्दल अख्ख्या देवगड तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! हे मी गर्वाने सांगत नाही, दमून सांगतेय. पाठ दुखतेय, खांदे दुखतायत, उजव्या हाताच्या बोटांवर पिशवीच्या बंदांचे वळ आहेत. पण चाकांचं विचाराल तर मी झोपेतसुद्धा सांगेन. पुढचं जड पाच नारळ, पुढचं हलकं तीन. मागचं जड सहा, हलकं चार.

नारळ का, ते सांगते. आमच्या वाडीतल्या दत्तारामच्या दुकानात सरकारची नवी किलोची वजनं आली, तेव्हा कुणाचा त्यांच्यावर विश्वासच बसेना. "किलो म्हणजे किती रे?" असं जो तो विचारी. शेवटी दत्ताराम वैतागला आणि म्हणाला, "पावणेदोन नारळ! सोललेले! आता समाजला?" सगळ्यांना समजलं. तेव्हापासून आमच्याकडे साखर किलोने आणि बाकी जग नारळाने मोजलं जातं.

तर सायकल. ती माझ्या काकांनी मुंबईहून बोटीने बाबांसाठी पाठवली होती. बाबा पहिल्याच दिवशी तिच्यावर बसले आणि थेट शिरसाटांच्या भाताच्या कुणग्यात उतरले, रोपं आडवी करत! त्यानंतर ते तिच्याकडे अशा नजरेने बघत, जशी आई दूध पिऊन गेलेल्या मांजराकडे बघते. तिच्यावर मी शिकले. परकर गुडघ्याशी खोचून, दांड्याखालून पाय घालून, पडत, खरचटत, पण शिकले! शाळा जामसंड्याला, चार मैल. सायकलने गेलं तर सकाळी वेळेवर पोचता येतं, चालत गेलं तर कसंबसं दुसऱ्या तासाला.

पण बाबांनी ठरवलं होतं, की सायकल फोंडाघाटच्या आत्येकडे द्यायची. तिच्या मुलाला म्हणे बाजारात जायला उपयोगी. मी रडले, जेवले नाही, परत जेवले, परत रडले. तेवढ्यात शाळेत सायकल शर्यतीची नोटीस लागली. मुलगे-मुली सगळ्यांना खुली! मुलींमधून नाव दिलं फक्त मी.

बाबा पानाला चुना लावत म्हणाले, "बरां. पयल्या तिनांत इलंस तर सायकल तुजी. नायतर सोमवारी सकाळच्या एस.टी.च्या टपार, फोंडाघाटाक."

"पहिल्या तिनांत काय बाबा, पहिलीच येते!" मी म्हणाले. (शाळेत गेल्यापासून मी पुस्तकासारखी बोलते, असं आई म्हणते. म्हणू दे.)

वर्गातला रोनाल्ड शर्यतीत होता. त्याचे पाय म्हणजे शिडाच्या काठ्या. पायांत मी त्याला हरवणं शक्य नव्हतं. मग मी डोकं चालवलं. पाय लांब होत नाहीत, पण सायकल हलकी होते!

कॅरिअर काढलं. मडगार्डं काढली. स्टँड काढला. घंटासुद्धा काढली. सगळं दत्तारामच्या ताजव्यात टाकलं, तर पाच नारळ भरले.

"सायकल सोलतंस काय गो नर्मदा?" दत्ताराम म्हणाला. "रवलां काय आता?"

राहिली होती चाकं. लोखंडी रिमा आणि बैलाच्या खुरासारखे टायर. ती कशी हलकी करणार? पण जामसंड्याला आंतोनकाकांचं सायकलचं दुकान आहे, आणि त्या दुकानात सांत आंतोनच्या तसबिरीखाली खिळ्याला दोन चाकं टांगलेली असत. ॲल्युमिनियमच्या रिमा, बोटाएवढे बारीक टायर. आंतोनकाकांचा म्हापशाचा मावसभाऊ त्यांवर शर्यती जिंकायचा. तो बोटीवर नोकरीला लागला आणि चाकं काकांकडे राहिली. काका रोज संध्याकाळी सांताला मेणबत्ती लावत आणि त्याच हाताने चाकांवरची धूळ पुसत.

ती मी मागितली. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी सांतालाच मागतेय.

मी तीन दिवस मागितली. चौथ्या दिवशी काकांनी सुस्कारा सोडून स्टूल ओढलं.

"गो बाय," चाकं उतरवत ते म्हणाले, "ही चाकां वाऱ्याची आसत. हेंच्यार फकत तुजो एकटीचो भार. दप्तर नाय, मैत्रीण नाय, हातात पिशयी सुद्धा नाय. समाजला?"

"समजलं!"

"परत सांग."

"दप्तर नाही, मैत्रीण नाही, पिशवी नाही!"

माझी जुनी चाकं त्यांनी दुकानात ठेवून घेतली आणि नवी बसवून दिली. बसवण्याआधी मी दोन्ही जोड्या दत्तारामच्या ताजव्यात तोलून आणल्या होत्या. चार नारळ वाचले. आधीचे पाच. एकूण नऊ! माझी सायकल नऊ नारळांनी हलकी झाली होती. मी चढावावरून गेले आणि मला वाटलं, खाली रस्ताच नाही!

इथे माझी चूक झाली. अगदी इथेच. गप्प बसायचं सोडून मी आठवडाभर वाडीभर सांगत सुटले. विहिरीवर, दुकानात, देवळाच्या पायरीवर. "रविवारी सकाळी मी आपल्या पारापासून पंधरा मिनिटांत जामसंड्याला पोचणार! पंधरा मिनिटांत!"

मला वाटलं, लोक "पंधरा मिनिटं" ऐकतायत. लोक ऐकत होते "रविवारी सकाळी" आणि "जामसंड्याला".

शर्यत अशी होती: शाळेपासून निघायचं, सड्याचा उघडा माळ ओलांडून आमच्या वाडीच्या पिंपळपाराला वळसा घालायचा आणि परत शाळेत. पारावर ड्रिलमास्तर खडू घेऊन उभे. पाठीवर फुली मारून घेतल्याशिवाय वळायचं नाही. बाबा शाळेजवळ शेवटच्या रेघेवर उभे होते आणि त्यांच्या खिशात एस.टी.चं वेळापत्रक होतं. मी स्वतः पाहिलं.

शिट्टी झाली. मी सुटले! काय सांगू तुम्हाला! पहिल्या मैलात चौघे मागे, दुसऱ्यात सहा. सड्यावर पोचले तेव्हा पुढे फक्त रोनाल्ड होता, आणि उतारावर मी त्यालाही मागे टाकलं. "गो, ती चाकां काय भुतांची?" तो ओरडला. मी आणखी जोरात पॅडल मारलं. पारापाशी आले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर रोनाल्ड सड्यावर तांबड्या धुळीत एक काळा ठिपका! एवढा! मोहरीएवढा!

मास्तरांनी फुली मारली. "शाबास नर्मदा! पहिली!"

मी पाय पॅडलवर ठेवला. आणि कुणीतरी हँडल धरलं.

शेजारची काशीकाकी, जामसंड्याला दिलेल्या सुमनताईची आई. हातात कापडात बांधलेला डबा.

"ह्यां सुमनाक दी. डिंकाचे लाडू. कालच बाळंत झाला पोर माजा."

"काकी, शर्यत आहे!"

"मगे बरांच झाला! बेगीन पोचतलंस. लाडू नरम ऱ्हवतीत."

आता तुम्हीच सांगा. बाळंतिणीचे लाडू! नाही म्हटलं तर जन्मभर ऐकून घ्यायचं, की कालच्या बाळाच्या आईचे लाडू नाकारले हिने. मी म्हणाले, "पण कॅरिअर नाही!" मला वाटलं, सुटले.

"हँडल आसा मां?" म्हणत काकीने डबा हँडलला लटकवला.

मी वळते तर वाडीतले म्हातारे लवूआजा. एका पायात वहाण, दुसरी हातात. "ही चांभाराक दी. अंगठो तुटलो."

"आणि दुसरी?"

"ती मागीर. दोनय दिलय तर मी चलतलंय कसो?"

आजोबा अखंड शांत माणूस. ते कुणाला काम सांगत नाहीत. त्यांनी सांगितल्यावर तुम्ही नाही म्हणाल? वहाण मी पाठीत परकराला खोचली. आणि आजांनी मागून, अगदी सहज, एक कोंबडी काढली! पाय बांधलेली, जिवंत, आणि आधीच रागावलेली!

"हीय व्हर. रोनाल्डाच्या आवशीन सांगलेली. फेस्ताचो सण आसा तेंचां."

"आजा! रोनाल्ड माझ्या मागे आहे! त्यालाच द्या!"

"तो पोरगो," आजा म्हणाले, "तेचो काय भरवसो? तू हुशार."

मागे ठिपका मोठा होत होता. मोहरीचा वाटाणा, वाटाण्याची सुपारी. मास्तर खडू हातात धरून आभाळाकडे बघत होते. त्यांनी नियमांच्या पुस्तकात कोंबडीबद्दल काही वाचलं नव्हतं.

कोंबडी दुसऱ्या बाजूला लटकवली. आता निघणार, तेवढ्यात आई आली. माझी स्वतःची आई! डोक्यावर गोणपाट. मी म्हटलं, आशीर्वाद द्यायला आली असेल.

आईने गोणपाट खाली ठेवलं. आत सोललेले नारळ.

"आंतोनाक दी," ती म्हणाली. "तेणी एवडी हलकी चाकां दिली तुका. रिकाम्या हातान जातंस ता बरां दिसता?"

"किती आहेत?" मी विचारलं. माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

"नव."

देवाशप्पथ, नऊ! मी तिला कधी आकडा सांगितलाही नव्हता. ती घरात होते तेवढे घेऊन आली होती.

"आई, त्यांनीच सांगितलंय, या चाकांवर काही ठेवायचं नाही!"

"ते तसांच म्हणतत. मोठेपणान." आणि तिने गोणपाट माझ्या पाठीला बांधलं, लहान मूल बांधावं तसं.

त्याच क्षणी रोनाल्ड वळसा घालून शेजारून गेला. त्याने वेग थोडा कमी केला. मला वाटलं, मला मदत करणार.

"गो, ती आमची कोंबडी काय?" तो म्हणाला. "मम्मीन सांगलेला. सांबाळून हाड हां!"

आणि गेला.

मी निघाले. सायकल आता उडत नव्हती. ती गाभण म्हशीसारखी चालत होती. कोंबडी डाव्या गुडघ्याला चोच मारी, डबा उजव्या गुडघ्याला. एकेक जण मागून येई, "जड आसा काय गो?" विचारी आणि पुढे जाई. सड्यावर मध्येच मागच्या टायरने एक लांब सुस्कारा सोडला. अगदी आंतोनकाकांसारखा. मग रिम जांभ्या दगडावर आपटली, आणि तिला जो बाक आला तो आमच्या लवूआजांच्या पाठीला आहे तसा.

तिथून दीड मैल मी सायकल ढकलली. वाटेत सुमनताईचं घर लागलं, लाडू दिले. चांभार लागला, वहाण दिली. रोनाल्डच्या आईने कोंबडी घेतली आणि म्हणाली, "उशीर केलंस गो." शाळेत पोचले तेव्हा मंडपाची कनात उतरवत होते. रेघेवर दोनच माणसं उभी: बाबा आणि आंतोनकाका.

काकांनी चाकाकडे पाहिलं. टोपी काढली.

मी गोणपाट सोडलं. "आईने पाठवलेत. चाकं दिलीत म्हणून."

काकांनी नारळ मोजले. एकदा, मग परत एकदा. मग ते हळूच, देवळात बोलावं तसं म्हणाले, "सायबा! नव नारळ? ह्या टायरार?"

बाबांनी खिशातून वेळापत्रक काढलं. "साडेसातची आसा," एवढंच म्हणाले. काकांनी माझी जुनी चाकं परत बसवली आणि आम्ही घरी गेलो. जेवलेही नाही मी. परत उठून जेवलेही नाही! यावरून समजा.

सोमवारी सकाळी बाबांनी जुनी चाकं बसवलेली सायकल हमरस्त्यावर आणली. मी मागे, डोळे सुजलेले. पारावर बघते तर अर्धी वाडी! काशीकाकीच्या हातात पिशवी, दत्तारामकडे पाकीट, लवूआजा एका पायावर.

"गंगाराम, सायकल खंय व्हरतंस?" काकीने विचारलं.

"फोंडाघाटाक."

"फोंडाघाटाक? आणि सुमनाचो पेजेचो तांदूळ कोण व्हरतलो? तू?"

"माजी एक वहाण जामसंड्याक आसा," लवूआजा म्हणाले. आजा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "ती कोण हाडतलो? मी आता असोच ऱ्हवू?"

"पण ती शर्यतीत शेवटची इली!" बाबा म्हणाले.

"शेवटची इली म्हणान काय झाला? लाडवातलो एकय फुटूक नाय!" काकी म्हणाली.

एस.टी. आली, थांबली, कंडक्टरने टपाकडे बोट दाखवलं. बाबांनी वाडीकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे. एस.टी. गेली. सायकल राहिली!

माझीच राहिली. मी त्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर नाचले. आता नाचायचं त्राण नाही. कॅरिअर परत बसलंय, दुप्पट रुंद. शाळेत वेळेवर पोचायचं म्हणून सायकल मिळवली, आणि आता रोज दुसऱ्या तासाला पोचते, कारण पहिल्या तासाभरात वाटप असतं. वाकडी रिम आंतोनकाकांनी परत सांताखाली टांगलीय. मी आत गेले की ते तिच्यासमोर उभे राहतात. परवा मी त्यांना विचारलं, आहेत त्याहून जाड टायर मिळतात का. ते म्हणाले, बैलगाडीवाल्याकडे विचार.

काल आठवीतली एक मुलगी आली. तिने पुढच्या शर्यतीत नाव दिलंय. "नर्मदाताई, हलकी चाकां खंयची घेव?"

मी तिला जवळ बसवलं. एवढ्या अनुभवाचं सार एका वाक्यात सांगितलं: "चाकं कुठलीही घे. फक्त कुठे जाणार ते कुणाला सांगू नकोस."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आणि तू उद्या जामसंड्याक जातंसच मां?"

"जाते."

"मगे वायच ह्यां व्हर," म्हणत तिने पाठीमागची पिशवी पुढे केली.

घेतली. चार नारळ तरी असेल.