गवासाहेबांची ओळख

एका जंगलात, मुलांनो, नदी होती, नदीत मगर होती आणि जंगलाची स्वतःची वेबसाइटही होती. जंगल किती पुढारलेलं होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

वेबसाइट सांभाळायची साळू. ती फाइल लिहून फोल्डरात ठेवायची. मग एक प्रोग्रॅम फोल्डराफोल्डरांतून फिरून फाइलींची पानं करायचा. गुणी होता बिचारा. फक्त प्रत्येक फोल्डरच्या तोंडाशी, हा फोल्डर कोणाचा, कशाचा, हे सांगणारी ओळखीची छोटी फाइल त्याला लागायची. ती नसली की तो आत पाऊलच टाकत नसे.

एके दिवशी मगर उंबराच्या घाटावर मुक्कामाला आली. साळूने तातडीने सूचना लिहिली: 'उंबराच्या घाटावर मगर आहे. पाण्यात उतरू नका.' ठेवली 'पाणी' फोल्डरात, त्यातल्या 'गवासाहेब' फोल्डरात, त्यातल्या 'घाट' फोल्डरात. गवासाहेब पाणीखात्याचे प्रमुख. मध्ये आपल्या नावाचा फोल्डर हवाच, हा त्यांचा हट्ट.

वेबसाइटवर सूचना दिसेना.

साळूने प्रोग्रॅम सात वेळा चालवला. मग प्रत्येक फोल्डरात चाचणीची एकेक फाइल टाकली. 'पाणी'तली दिसली. 'गवासाहेब'मधली गडप! तिथे ओळखीची फाइलच नव्हती. आणि साहेबांबद्दल परवानगीशिवाय एक अक्षर लिहायची सोय नव्हती.

ती धावत साहेबांकडे गेली.

"साहेब, तुमच्या ओळखीच्या दोन ओळी हव्यात."

"माझी ओळख? कोणाला करून द्यायची?"

"प्रोग्रॅमला."

"नवीन आहे का तो?" साहेब रवंथ करत म्हणाले. "अख्खं जंगल मला ओळखतं."

"मग सूचना तुमच्या फोल्डरातून बाहेर काढू?"

"म्हणजे मला डावलणार? मुळीच नाही."

साळू तशीच घाटाकडे पळाली. वाटेत चितळवहिनी दिसल्या, दोन पाडसं घेऊन घाटाकडे निघालेल्या.

"वहिनी, जाऊ नका! मगर आहे!"

"काहीतरीच काय, साळूबाई! आत्ताच वेबसाइट बघून निघालेय. तसं काही नाहीये त्यात."

साळू रडकुंडीला आली. पण जंगलात एक शिस्त होती. घाटावर आधी साहेब पाणी पिणार, मग बाकीचे. चितळवहिनी पाडसांना घेऊन अदबीने मागे थांबल्या. साहेब डुलत डुलत आले आणि त्यांनी पाण्याला तोंड लावलं.

पुढचं सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

चितळवहिनी पाडसांसह सुखरूप घरी आल्या. जंगलाने शोक पाळला. साळूला हुकूम आला: साहेबांच्या फोल्डरच्या तोंडाशी त्यांची सविस्तर ओळख लावा, जन्मापासून सगळी. या वेळी परवानगी लगेच मिळाली.

साळूने ओळख लिहिली. प्रोग्रॅम खुशीत आत शिरला. वेबसाइटवर साहेबांचा हार घातलेला फोटो झळकला, आणि त्याच्याखाली एक ओळ: 'उंबराच्या घाटावर मगर आहे. पाण्यात उतरू नका.'

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना डावलून कधीही काम करू नये. धीर धरावा. वेळ आली की ते स्वतःच बाजूला होतात आणि फाइल दिसू लागते.