भिंती हुंगणारे सदुभाऊ

सदुभाऊ आमच्याकडे आले की आधी भिंतीला नाक लावत आणि मग मला विचारत, "काय, बरं आहे ना?" गिरगावातल्या आमच्या चाळीत ते शेजारच्याच खोलीत एकटे राहात. उंच, वाळके, टोकदार नाकाचे. कापडाच्या एका वखारीत कारकून होते. ओल लागलेले तागे हुंगून बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. संध्याकाळी तेच नाक घेऊन ते घरी येत.

त्यांचा कशावर विश्वास म्हणून नव्हता. भिंतीला नवा रंग दिसला की तिलाच दरडावत, "काय लपवतेस गं?" एका बारशाला त्यांनी पाळण्याकडे ढुंकूनही न बघता मागच्या कोनाड्यात डोकं घातलं आणि बाहेर काढून जाहीर केलं, "मुलगा गोड आहे. भिंत लबाड आहे."

मग मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली आणि या नाकाची गंमत संपली. साहेब शिपाई घेऊन घरं तपासत होते. कोण खोकतंय, कुठे ओल आहे, याची चौकशी चालली होती. दवाखान्यात नेलेला माणूस परत येईलच, असा भरवसा नव्हता. अशा दिवसांत हा गृहस्थ घरोघर भिंती हुंगत फिरणार! "सरकारचा बातमीदार आहे मेला," अशी कुजबुज सुरू झाली. सदुभाऊ जिन्यात दिसले की पटापट दारं लागत.

सगळ्यांत आधी आमचं. कारण माझी बायको यमुना पावसाळ्यापासून खोकत होती. ताप नाही, गाठ नाही, नुसता कोरडा खोकला. अंथरुणावर पाठ टेकली की श्वास अडके. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबून खोके.

एका संध्याकाळी दार लावायचं राहिलं आणि सदुभाऊ उंबऱ्यात उभे.

"वहिनी खोकतात?"

"छे! कोण म्हणतं?" मी म्हटलं, तेवढ्यात आतून खोकला आला.

"तुमचं राहू द्या," सदुभाऊ म्हणाले. "त्या फडताळामागे काय आहे?"

"भिंत."

"ते आपण तिलाच विचारू."

आणि मी अडवायच्या आत त्यांनी फडताळ ओढलं. मागे कमरेपर्यंत काळा डाग पसरला होता.

"चुलीची काजळी आहे ती," यमुना घाईने म्हणाली. "घरमालकच म्हणाले होते."

"काजळी बोटाला कोरडी लागते. पांढरा फुलोरा असता, तर म्हटलं असतं लोणा आहे, जिभेला खारट लागतो, त्याला मी भीत नाही. ही बघा, बुळबुळीत. आणि भिजल्या गोणपाटाचा वास. बुरशी आहे ही. वहिनी, तुम्ही डोकं कुठे करून निजता?"

यमुनेने मुकाट्याने त्या भिंतीच्या बुडाशी बोट दाखवलं. मग धीर करून विचारलं, "साहेबाला सांगणार तुम्ही?"

सदुभाऊंनी भिंतीवरची नजर काढून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "साहेब सामान बाहेर फेकील, अंथरुणं जाळील आणि जाईल. ओल इथेच राहील. मला साहेबाशी काय करायचंय?"

रविवारी ते चुन्याची बादली घेऊन हजर झाले. मी खराटा उचलला तर अंगावर ओरडले, "कोरडं खरवडू नका! घरभर उडेल ती!" आम्ही दोघांनी नाकाला ओली फडकी बांधली, भिंतीवर पाणी शिंपडलं आणि विटा दिसेपर्यंत गिलावा उतरवला. वरच्या मजल्यावरची मोरी फुटली होती, ती चीर सदुभाऊंनी स्वतः बुजवली. खिडक्या उघड्या टाकून, शेगड्या पेटवून भिंत वाळवली आणि मगच चुना दिला. तोवर आम्ही गॅलरीत निजलो. यमुनेचा खोकला हळूहळू गेला.

तिने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी आत शिरलोच. खाट खोलीच्या मधोमध, एकही वस्तू भिंतीला टेकलेली नाही. चुना पांढराशुभ्र. फक्त दाराआडच्या कोपऱ्यात काळा डाग होता आणि त्या बुरशीखाली गेरूने काढलेले दोन नाग.

"सदुभाऊ, हे काय?"

"नागपंचमीला काढले होते तिने. लग्नानंतरच्या पहिल्या."

"वहिनींनी? कुठे असतात त्या?"

"माहेरी, राजापुराकडे. इथे दमा उठायचा, तिथे विहिरीचं पाणी शेंदते. खोली कोरडी झाली का, म्हणून दरवर्षी निरोप येतो."

"मग?"

"बाकीची झाली."

"त्या आल्या की नवे काढतील," मी म्हटलं.

सदुभाऊंनी माझ्याकडे नव्या रंगाच्या भिंतीकडे बघावं तसं बघितलं. "आणि नाही आली तर?"

पुढच्या रविवारी त्यांनीच मला बोलावलं. माझ्या नाकाला स्वतः फडकं बांधलं, माझ्या हातात थापी दिली आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी भिंतीवर पाणी शिंपडलं. गिलाव्याचा पहिला तुकडा खाली पडला.

"कुठला गेला?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"डावा."

"त्याची शेपटी तिला जमली नव्हती." मग मागे न वळता म्हणाले, "उजवा जरा हळू काढा."