बघणारा एकच

अख्ख्या पेणमध्ये माझ्यासारखा गुप्त माणूस दुसरा नाही! मी इंटरनेटवर काय बघतो हे खुद्द इंटरनेटलाही कळत नाही, असं गेल्या आठवड्यापर्यंत मी छातीठोकपणे सांगत होतो.

मी सुभाष. आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मी स्वतः करतो. माझ्याच हाताखाली आठ वर्षं शिकलेला रितेश गेल्या वर्षी एकदम म्हणाला, "दादा, मी रोह्याला, वरसे गावात स्वतःचा कारखाना टाकतोय." झालं! माझं डोकं फिरलं. चार कारखानदारांसमोर मी जाहीर केलं, "याच्याशी बोलणार नाय आणि याचं काम बघणारपण नाय!"

तर हा पठ्ठ्या रोज दुपारी तीनला आखणीचं लाइव्ह करायला लागला! आता सांगा, आपण घडवलेला हात काय करतोय हे बघावंसं कुणाला वाटणार नाही? एकदा मोबाइलवर चोरून पाच मिनिटं पाहिलं. संध्याकाळी तेच चार कारखानदार चहाला आले, मी टीव्ही लावला, तर पहिल्याच पानावर हातात ब्रश घेतलेला रितेश! खाली लिहिलेलं, 'तुम्ही अर्धवट सोडलेलं पुढे पाहा.' मी सगळा आळ मुलीवर ढकलून मोकळा झालो.

मुलीने, मृणालीने, मला नंतर कोपऱ्यात घेतलं. "पप्पा, घरात अकाउंट एकच हाय. तुम्ही फोनवर बघता ते टीव्हीला कळतं. चोरूनच बघायचंय ना? मग हे घ्या." तिने लॅपटॉपवर एक मीडिया प्लेअर टाकून दिला. लाइव्हची लिंक त्यात चिकटवायची, की काम फत्ते! ना अकाउंट, ना हिस्टरी. "नेटचा पत्ता त्यांना दिसतोच," ती म्हणाली, "पण तुमचं नाव नाय जात."

मी तर तिच्याही पुढे गेलो. प्लेअरमधली 'अलीकडे पाहिलेले'ची यादी रोज पुसायची. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. बायकोला, शिल्पाला, सांगून ठेवलं, "रंगांच्या छटा बघतोय."

रितेश रोज सुरुवातीला म्हणायचा, "आजपण बघणारा एकच हाय. नमस्कार." मी मनात म्हणायचो, लेका, जन्मात ओळखणार नाहीस!

आणि मग एका दुपारी मला दिसलं, मूर्तीची डावी भिवई खाली आलीय! केसभरच, पण बाप्पा रागावल्यासारखा दिसतोय. आणि हा गडी बिनधास्त उजव्या डोळ्याकडे वळला! "पूस! पूस ती!" मी लॅपटॉपवर ओरडलो. लॅपटॉप काय पुसणार, कपाळ! शेवटी राहवेना. नाकावर रुमाल धरला आणि त्याला फोन लावला.

"हॅलो, एक प्रेक्षक बोलतोय. डावी भिवई खाली आलीय. बाहेरचं टोक वर घे!"

पलीकडून उत्तर आलं, "व्हय... प्रेक्षक. घेतो."

मी फोन ठेवला. काय सफाई! नाव नाही, गाव नाही! तेवढ्यात शिल्पा आत आली.

"कुणाशी बोलत होता ओ?"

"रंगवाल्याशी."

"नाकाला रुमाल लावून?"

"वास येत होता ना!"

"फोनमधून?"

आता एक गोष्ट मृणालीने मला सांगितलीच नव्हती. लाइव्ह म्हणजे त्याच क्षणी नव्हे. प्लेअरमध्ये ते चांगलं मिनिटभर उशिरा पोचतं! लॅपटॉपवर रितेशचा फोन आत्ता वाजला. त्याने स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि तो गालात हसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी माझ्याच नंबरवरून फोन केला होता! त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि माझाच नाकातला आवाज माझ्याच घरात घुमला, "हॅलो, एक प्रेक्षक बोलतोय..."

शिल्पाने कमरेवर हात ठेवले. मी प्लेअर बंद करायला धावलो आणि गडबडीत आवाज वाढवून बसलो!

रितेशने थेट कॅमेऱ्यात पाहिलं. "दादा, बघणारा रोज एकच असायचा. तुम्हीच असाल असं वाटायचं, पण खात्री नव्हती. म्हणून भिवई मुद्दाम खाली ओढली. ही चूक तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाय." त्याने ब्रश खाली ठेवला. "वर्ष झालं, दादा. या की कारखान्यात."

"शर्ट बदला," शिल्पा म्हणाली. "उजेड हाय तोवर पोचाल."

मोटारसायकल काढली आणि तडक वरसे गाठलं. रितेश पाया पडला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू! मग मी मूर्तीसमोर उभा राहिलो. भिवई सुरेख वर घेतली होती. काय हात, काय वळण! पोरगं माझं आहे! माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली.

"बघितलंस?" मी म्हणालो. "माझ्या नजरेतून काय सुटत नाय!"

"नायच सुटत, दादा," रितेश चहाचा कप पुढे करत म्हणाला. "सोमवारपासून रोज एकेका मूर्तीची भिवई खाली ओढत होतो. म्हटलं, कधी ना कधी दिसंलच."

तो दिवस गुरुवार होता. हे एवढं तुमच्यात नि माझ्यात ठेवा.