मेंढीच्या पोटातली कॅप्सूल

अनारकुलने मामांना तीनदा बजावलं होतं, की मेंढी मागच्या दाराने आणा. पण इमानकुलमामांचं सगळं आयुष्य डोंगरावर गेलेलं; मागच्या दाराने कुठे शिरणं त्यांना माहीतच नव्हतं. किरगिझस्तानातल्या नारीनच्या विद्यापीठात ते मेंढी घेऊन थेट पुढच्या दाराने आले आणि प्राध्यापक तोकोंबाय यांच्यासमोरच उभे राहिले.

आत कार्यशाळा भरली होती, खेड्यापाड्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्यांची. दहा जण आपापली यंत्रं दाखवणार आणि संध्याकाळी त्यातल्या एकालाच गावात चाचणीची मंजुरी मिळणार. अनारकुलने सहा वर्षं खपून एक कॅप्सूल बनवली होती. मेंढीला ती गिळवली, की मेंढी कुठे आहे, अंगात ताप किती, हे सगळं कॉम्प्युटरवर दिसत राहतं. तयार कॅप्सूल एकच होती आणि ती याच मेंढीच्या पोटात होती.

तोकोंबाय कार्यशाळेचे अध्यक्ष, वय एक्क्याऐंशी. भोवती परगावचे पाहुणे जमलेले असताना कुणी मेंढी आणून समोर उभी केली, तर किरगिझ वडीलधारा दुसरं काय करणार? त्यांनी तळवे पसरले, मेंढी कापण्याआधी देतात तो मेजवानीचा आशीर्वाद दिला आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. सगळ्यांनी फिरवले. सवयीने मामांनीही फिरवले, आणि मग त्यांचे डोळे पांढरे झाले. तोवर खानावळीतल्या बुरुलआपा मेंढीची दोरी धरून निघाल्याही होत्या.

"मामा, तिला परत आणा! अर्ध्या तासात माझा नंबर आहे!"

"आशीर्वाद झालेली मेंढी परत मागू? गावात तोंड कुठे दाखवू मी?"

"अहो, पण माझी कॅप्सूल!"

"बुरुलला सांगतो ना, जरा जपून काप म्हणून."

दुसरी कुणी असती तर डोकं धरून बसली असती. अनारकुल पदर खोचल्यासारखी बाह्या सारून व्यासपीठावर चढली. पडद्यावर लाल ठिपका दिसत होता.

"आमची मेंढी आत्ता स्वयंपाकघरात आहे," ती ठणकावून म्हणाली. "अंगात एकोणचाळीस. तब्येत उत्तम."

बघता बघता आकडा उतरू लागला. तीस. बावीस.

"आजारी पडली का हो?" स्वीडनहून आलेल्या इंग्रिडबाईंनी काळजीने विचारलं.

"नाही. गेली."

आकडा फिरला आणि वर चढायला लागला. पन्नास. सत्तर. ब्याण्णव!

"आणि हे काय?"

"पोट उकळत्या पाण्यातून काढताहेत. बुरुलआपांना कॅप्सूल अजून सापडलेली दिसत नाही."

असा हशा पिकला, की तोकोंबाय यांना ठसका लागला. अनारकुलला मात्र रडू येत होतं. सहा वर्षं पातेल्यात शिजत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा उठले. "हसताय काय? आमच्या दरीत मेंढ्या चोरीला जातात. गळ्यात पट्टा बांधावा, तर चोर तो कापून फेकतो. ही पोरगी तर मेंढी कुणाच्या पातेल्यात गेली तेही सांगतेय! शिवाय हिचं यंत्र उकळूनसुद्धा मरत नाही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

ज्यांच्यासाठी यंत्रं बनत होती, त्यांच्यातलं त्या दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. इंग्रिडबाई भराभर लिहून घेऊ लागल्या. संध्याकाळी चाळीस कॅप्सूलना मंजुरी मिळाली. बुरुलआपांनी सापडलेली कॅप्सूल घासूनपुसून बशीत आणून दिली. मामांनी तीनदा मटण वाढून घेतलं आणि हात पुसल्याबरोबर फोन काढून डोंगरावर ओळखीच्या एकेकाला बातमी दिली.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. "पोरी, आपल्या चोरीला गेलेल्या चौदा मेंढ्या परत आल्या! सकाळी बघतो तर मेंढवाड्यात उभ्या. शेजाऱ्याच्याही नऊ आल्या."

"पण मामा, कॅप्सूल अजून बनायच्या आहेत!"

"मग कशाला दमतेस? दरीतल्या एकूण एक मेंढीला गिळवली, असं मी सांगून ठेवलंय."