मार्थाक्काची सातवी आज्ञा

माझ्या साखरपुड्याला मार्थाक्कानं माझ्या आणि नवऱ्या मुलाच्या मध्ये आपली काळी छत्री आडवी ठेवली. "लग्न होईस्तोवर ही हलवायची न्हाई," असं बजावलं. बाहेर पाऊस लागला होता. ती भिजत घरी गेली, पण छत्री नेली नाही.

मार्थाक्का आमच्या भालकीकडच्या खेड्यातली बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. मिशन थोडका पगार द्यायचं. स्वतः लग्न केलेलं नव्हतं. भेटली की राम राम नाही, सलाम नाही. "सातवी आज्ञा ध्यानात हाय न्हवं?" व्यभिचार करू नको, ही ती आज्ञा. दात पडलेल्या म्हाताऱ्यांनाही ती हेच विचारायची. एकदा प्रार्थना चालू असताना आमचा कोंबडा कोंबडीच्या मागं लागला, तर तिनं त्याला टोपलीखाली घातलं आणि वर दगड ठेवला.

पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट. दवाखान्यातल्या रूथ नर्सला दिवस गेले. तिचं लग्न झालेलं नव्हतं. मूल चर्चच्या कारभारातल्या वडील पंचाच्या मुलाचं, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. मुलाला घाईघाईनं हैदराबादला नोकरीवर धाडलं आणि रूथला रविवारी देवळात सगळ्यांपुढं उभं केलं. आता अक्का तिला सोलून काढणार, म्हणून आम्ही बायका सावरून बसलो.

अक्का उठली. "दुसरा कुठाय?"

उपदेश करणारे पाळकसाहेब म्हणाले, "अक्का, खाली बसा."

"बसते की. पाप दोघांचं, मग ही एकटीच उभी कामून?"

वडील पंच खाली बघत म्हणाले, "पोराच्या जिंदगीचा सवाल हाय, अक्का."

"आन् हिला जिंदगी न्हाई?"

रूथचं प्रभुभोजन, देवळातली भाकर आणि द्राक्षरस, बंद झालं, नोकरी गेली. पुढं पंचाच्या मुलाचं लग्न त्याच देवळात वाजतगाजत लागलं. जेवणात लाडू होते. पाळकसाहेबांनी शुद्ध आचरणावर उपदेश केला.

अक्कानं रूथला आपल्या घरी नेलं. मिशननं कळवलं, एक तर ती बाई ठेवा नाही तर काम ठेवा. अक्कानं रूथला ठेवलं आणि स्वतः लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. म्हणून ती मऊ पडली असं मात्र नाही. "पाप ते पापच," हे रूथला रोज ऐकवायची. ऐकवता ऐकवता तिच्या डोक्याला तेल लावायची. मुलगी झाली, तिचं नाव मिरी. पाळकसाहेबांनी तिचा बाप्तिस्मा नाकारला. मिरी अक्काला अव्वा म्हणायची आणि तिच्याच कुशीत झोपायची.

मिरी पळायला लागली तेव्हा अक्कानंच उदगीरकडचा एक बिजवर शोधून काढला. गवंडी होता, भला माणूस, लेकीसकट न्यायला तयार.

रूथ म्हणाली, "मी हितंच बरी हाय, अक्का."

"बिनलग्नाची कुठवर ऱ्हाशील? पोरीला बापाचं नाव पायजे."

लग्न लागलं. त्यांना पोचवायला आम्ही भालकीच्या मोटार अड्ड्यावर गेलो. मिरी अक्काचा पदर सोडेना. अक्कानंच तिचं एकेक बोट सोडवलं, पोरीला आईच्या मांडीवर दिलं. मोटार उदगीरच्या रस्त्याला लागली.

"झालं," अक्का म्हणाली. "आता देवाच्या नजरेत सगळं रीतीचं झालं."

"व्हय अक्का."

ती बाकावर बसून राहिली. धुरळा खाली बसला, दुसरी मोटार येऊन लागली, तरी उठेना. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला घाई न्हाई न्हवं? घरला ये जरा माझ्यासंगं. च्या करते. आज एकटीनं कुलूप काढू वाटंना."