पांढरा कोट आणि खिशातली कात्री

तनुजाचा बेत इतका पक्का होता की त्यात खोट काढायला खुद्द तिलाही जागा सापडत नव्हती!

बेत असा होता. बारावीच्या निरोप समारंभाला आबा शाळेत येणार. आबा म्हणजे तिचे वडील, मल्हारराव. गंगापूर तालुक्यातल्या माळावर मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्यांच्या एका हाकेला शेजारच्या वाडीतली मेंढरंसुद्धा माघारी वळत. पण भरल्या सभेत, खुर्चीवर बसवलेल्या, हातात गुलाबाचं फूल दिलेल्या माणसाला ओरडता येत नाही. ते फूल नेमकं कुठं धरायचं याच विचारात तो अर्धा गार झालेला असतो. तेव्हा तिथंच, माईकवरून, सांगून टाकायचं : मला डॉक्टर व्हायचं नाही. मला केस कापायला शिकायचंय.

"आणि घरी जाऊन सांगितलं तर?" रुक्सारनं विचारलं. ती तनुजाची खोलीतली जोडीदारीण.

"घरी मी, आबा आणि मेंढरं. मेंढरं आबांच्या बाजूची!"

"मग सबके सामनेच बोल. टेन्शन नक्को ले."

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला असलेल्या त्या निवासी शाळेत निम्म्या मुलींची डोकी तनुजाच्या हाताखालून गेली होती. रेक्टर रत्नमाला मॅडमचंही गेलं होतं, पण ती गोष्ट मॅडमनी कुणाला कळू दिली नव्हती. शहरात वर्षभराचा एक कोर्स होता आणि तनुजानं तिथं जाऊन चौकशी केली होती. अडचण एकच. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्या महिन्यातच आबांनी ठरवलं होतं की पोरगी डॉक्टर होणार. त्यावर घरात चर्चा झाली नव्हती. आबा एकदा म्हणाले, तनुजानं मान हलवली, आणि त्या मान हलवण्यावर आता शहरात, पुंडलिकनगरला, मेडिकलच्या प्रवेशाचा क्लास ठरला होता, खोली ठरली होती. खोलीतल्या कॉटवर आबा स्वतः बसून, दोनदा हलवून बघून आले होते!

आता त्या शाळेची एक रीत सांगायला हवी, कारण घोटाळा तिथंच झाला. निरोप घेणारी मुलं त्या दिवशी आपापल्या भविष्याचा वेश करून स्टेजवर येत. कल्पना रत्नमाला मॅडमची. कल्पना उत्तम होती, पण शाळेच्या लोखंडी पेटीत कपडे मोजकेच होते. प्रयोगशाळेतले काही पांढरे कोट, दोन काळे कोट आणि पँट नसलेली एक खाकी वर्दी. त्यामुळं वर्षानुवर्षं त्या शाळेतून डॉक्टर, वकील आणि कमरेखाली जीन्स घातलेला एक फौजदार एवढीच माणसं बाहेर पडत आली होती. ज्याच्या हाती काहीच लागत नसे, तो खांद्यावर टॉवेल टाकून समाजसेवक होई.

"केस कापणारीनं घालायचं काय?" तनुजानं पेटीत डोकं घालून विचारलं.

"बड्या पार्लरमध्ये पांढरा कोटच घालतात गं. खिशात कैंची, कंगवा, चिमटे. झालं!" रुक्सार म्हणाली. तिनं स्वतः काळा कोट पटकावला होता आणि त्यात ती वकिलापेक्षा वकिलाच्या घरच्या कपाटासारखी दिसत होती.

तनुजानं कोट चढवला. वरच्या खिशात कात्री खोचली, चिमटे लावले, कंगवा ठेवला. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत मॅडमनी सगळ्यांचे फोटो काढले आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले. तनुजाच्या फोटोत कंगवा खिशाच्या तळाशी गेला होता. वर दिसत होती ती चकचकीत कात्री आणि स्टीलचे दोन चिमटे.

आबांकडं साधा फोन. ग्रुपवर होता तो त्यांचा चुलतभाऊ बिभीषण. हा ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि गावात कुणाचं काही चांगलं झालं की त्याला ते स्वतःचंच झाल्यासारखं वाटे. पाचव्या मिनिटाला त्याचा फोन आला.

"तनू! फोटू बघितला! सर्जन व्हय?"

"काका, तसं नाही, ते..."

"मला नको शिकवू! साधा डॉक्टर गळ्यात नळी घालतो. खिशात कात्री म्हंजी सर्जन! चिमटे बी दिसले मला. टाके घालायचे ना ते?"

"काका, ऐका तरी. मी उद्या सगळं सांगणारच..."

"उद्या कशाला? फ्लेक्स छपाईला गेला बी!"

आणि फोन बंद. तनुजानं परत लावला तर कुणाशी तरी बोलणं चालू होतं. अर्ध्या तासानं लावला तरी चालूच होतं. बिभीषणकाका अख्ख्या तालुक्याला फोन करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात एक काळीपिवळी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. कणगीला भोक पडल्यावर ज्वारी सांडते, तशी! जीपच्या तोंडावर फ्लेक्स बांधला होता. त्यावर बिभीषणकाकांचा कमरेपर्यंतचा फोटो होता. तेल लावून मागं वळवलेला केसांचा भरघोस कोंबडा, काळा चष्मा, कानाला फोन. कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी तनुजा. खाली अक्षरं : गावच्या पहिल्या सर्जन डॉ. तनुजाताई यांचे हार्दिक अभिनंदन! बारावीचा पहिला पेपर अजून व्हायचा होता.

सगळ्यांच्या पुढं दगडाआत्या होती, आबांची थोरली बहीण. तिनं आल्या आल्या पायरीवर बसून लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"ह्यो बघ. डावा. कापायचा आसंल तर काप, पण दुपारच्या आत. परतीची जीप हाय."

"आत्या, मी डॉक्टर नाही गं!"

"आता लाजती कशाला? आपल्याच माणसांत?"

मागं एकजण एक्स-रे उन्हात धरून उभा होता. दुसऱ्यानं तर जीपच्या टपावरून शेळी उतरवली. "माणसांचं झालं की हिचं बी बघा," तो म्हणाला. "घाई नाय."

रत्नमाला मॅडम धावत आल्या. त्यांनी फ्लेक्स वाचला, शेळी बघितली आणि तनुजाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तनुजा, तू मला न सांगता कुठली परीक्षा दिलीस का?"

तनुजाचं लक्ष फाटकाकडं गेलं होतं. तिला आबा दिसले होते. नवा पांढरा शर्ट, त्यावर घड्यांच्या रेघा तशाच. ती गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी पोचली.

"आबा, मला बोलायचंय."

"मला बी. पण माईकवर. मॅडमनी सांगितलंय, पालकांतर्फे मी."

तिच्या बेतात आबांना माईक नव्हताच!

कार्यक्रम सुरू झाला. आबा माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी सवयीनं आवाज लावला. कर्णा किंचाळला, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या हातून चहा सांडला, बाहेर शेळी ओरडली.

"हळू बोला," मॅडम म्हणाल्या. "माईक आहे."

"व्हय." आबांनी आवाज उतरवला, तो इतका की आता कान द्यावा लागला. "मला भाषण येत नाय. हिची माय दवाखान्यात होती तवा एक डॉक्टर यायचा. माणूस बरा होता. पण दर फेरीला हिच्या मायला नाव विचारायचा. रोज. ती रोज सांगायची. मला वाटलं, आपल्या घरात एक डॉक्टर पायजे. जिला नाव विचारावं लागणार नाय. एवढंच."

ते खाली बसले. त्यांनी फूल खुर्चीखाली ठेवून दिलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बिभीषणकाकांनी वाजवल्या आणि वाजवताना कॅमेरा आपल्याकडं आहे का ते बघून घेतलं.

मॅडमनी माईक तनुजाच्या हातात दिला. रात्रभर घोकलेलं भाषण पाठ होतं. आता हे बोलायचं? आबांच्या त्या बोलण्यावर? विंगेतून काळ्या कोटाची बाही हलत होती. रुक्सार ओठांनी सांगत होती : बोल, बोल!

"मला डॉक्टर व्हायचं नाही," तनुजा म्हणाली. "मला केस कापायला शिकायचंय. हा कोट पार्लरचा आहे. कात्रीही त्याचीच. आबा, माझं चुकलं. मी आधी सांगायला पाहिजे होतं."

सभेत अशी शांतता पसरली की शेळीसुद्धा गप्प झाली.

पहिले उठले बिभीषणकाका. "न्हाव्याचं काम? आगं, फ्लेक्स लागलाय! चौकात दुसरा लागलाय! मी लोकांना काय तोंड दाखवू?" मग मल्हाररावांकडं वळून, "दादा, तू गप का? आन हिला येतं तरी काय? दोन पोरींच्या वेण्या कापल्या म्हंजी केस कापता येत्यात व्हय?"

मल्हारराव आत्तापर्यंत खाली बघत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली. पोरीनं डॉक्टर व्हायचं नाकारलं, हे मनात उतरायला वेळ लागणार होता. पण आपल्या घरातल्या माणसाला कातर धरता येत नाही, असं भरल्या सभेत कुणी म्हणावं? तीन पिढ्या मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेल्या होत्या!

"येतं का नाय ते बघू," ते म्हणाले. "बस."

"कोण?"

"तूच. बस खुर्चीवर."

"दादा, मी पाहुण्यांत बसलोय..."

पण मल्हाररावांनी त्याला खांद्याला धरून बसवलंच. आयुष्यभर मेंढ्या बसवलेला तो हात होता. त्याच्यातून सुटलेली मेंढी आजवर कुणी पाहिली नव्हती. शाळेच्या सत्काराची शाल काकांच्या गळ्याभोवती आली. तनुजानं कात्री काढली आणि मानेपासून हलक्या हातानं सुरुवात केली. एक बट. दुसरी बट.

"हे काय?" मल्हारराव अस्वस्थ झाले. "आसं केलं तर दिवसभरात एक डोकं व्हईल. आण हिकडं."

"आबा, नको!"

त्यांनी कात्री घेतली, काकांची मान गुडघ्याशी दाबली आणि मेंढीच्या पाठीवरून चालवतात तशी कात्री मानेपासून थेट टाळूपर्यंत नेली. एका दमात! कोंबड्याचा उजवा निम्मा भाग शालीवर येऊन पडला. सभेतून मोठा चीत्कार उठला.

"पाच मिनटांत मोकळा करतो बघ," मल्हारराव म्हणाले.

"दादा! मी मेंढरू नाय!" काका ओरडले.

"मेंढरू इतकं वरडत नाय. हलू नगंस."

तनुजानं त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. बापाच्या हातातून असं काही ओढून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. तिला समोर फक्त डोकं दिसत होतं. उजवीकडं माळरान, डावीकडं उसाचा फड. तिनं कंगवा काढला. डावीकडचं उतरवलं, उजवीकडच्या उरलेल्या केसांना वळण दिलं, कानाजवळ साफ केलं, कपाळावर थोडं ठेवलं. काका आधी शिव्या देत होते, मग नुसतेच पुटपुटत होते, मग डोळे मिटून गप्प झाले. केस कापताना सगळेच असे गप्प होतात, हे तनुजाला ठाऊक होतं.

तिनं शाल झटकली. रुक्सारनं फोनचा कॅमेरा उलटा करून काकांपुढं धरला.

काकांनी डावी बाजू बघितली. उजवी बघितली. मग परत डावी.

"हं," ते म्हणाले.

"बिभीषणा," दगडाआत्या पायरीवरून ओरडली, "लगीन केलं तवा बी इतका बरा दिसला नव्हतास!"

सभा हसली. मल्हारराव हसले नाहीत. ते काकांच्या डोक्याभोवती एक चक्कर मारून आले. मेंढरू विकत घेताना मारतात तशी. मग तनुजाजवळ येऊन थांबले आणि माईक चालू आहे हे विसरून बोलले.

"मला कातरता येतं. माणूस बरा दिसावा आसं कराय येत नाय."

तनुजा कात्रीला चिकटलेले केस पुसत राहिली.

"दवाखान्यात तुझ्या मायचे केस गळाय लागले तवा तूच बारीक केलेस ना? मी चहा आणाय गेलो हुतो. परत आलो तर ती ताटलीत तोंड बघत हुती. मला म्हणाली, बघा, पोरीनं मला शाळेची पोर केली." आबा थांबले. "त्या डॉक्टरनं बी त्या दिवशी नाव विचारलं नाय. म्हणला, आज छान दिसताय."

कर्ण्यातून ते सगळ्या मैदानभर गेलं. रत्नमाला मॅडमनी पदरानं चष्मा पुसला. तनुजानं कंगवा उगाच दोनदा झटकला.

"आबा, मग शिकू?"

मल्हाररावांनी कात्रीची धार अंगठ्यानं बघितली. "एक वरीस लागतं शिकाय?"

"हो."

"मेंढरू कातराय मी एका दिवसात शिकलो." त्यांनी मान हलवली. "पण मेंढरू आरशात बघत नाय. शीक."

एवढं बोलून ते खुर्चीवर बसले. शाल स्वतःच गळ्याभोवती घेतली. मग सगळ्या सभेसमोर, सगळ्या पाव्हण्यारावळ्यांसमोर, त्यांनी डोक्यावरचा लाल पटका उतरवून मांडीवर ठेवला.

"घे. आता माझं."

तनुजा कात्री घेऊन मागं उभी राहिली. आबांना पटक्याशिवाय तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिनं डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. मग वाकून कानात हळूच म्हणाली,

"आबा, इथं कापू तरी काय?"

"नुसती कात्री वाजव," आबा ओठ न हलवता म्हणाले. "लोकं बघायलीत."