उणे अर्ध्याची मळणी

आधीच सांगून ठेवतो, गणित माझं चोख होतं! बिघडले ते बैल!

सन त्रेपन्नचा हिवाळा. इंटर सायन्सच्या फेरपरीक्षेतही गणितात आपटून मी नागपूरहून आमगावला घरी आलो. बाबांनी निकाल ऐकला आणि माझी पुस्तकांची पेटी थेट माळ्यावर टाकली.

"बस झालं नागपूर. आता धान पाहाय!"

"बाबा, मला गणित येतं! एकशेवीस अंशाचा कोसाइन उणे अर्धा!"

"अर्धा, अन् तो बी उणे? असा अर्धा म्या बजारात नाई पाह्यला!"

झालं! मीही हट्टाला पेटलो. "उद्या खळ्यावर दाखवतो. पटलं तर नागपूरला पाठवायचं!"

"दाखव!"

सकाळी मळणी सुरू होती. मधोमध रोवलेली मेढ, तिला एका दावणीत बांधलेले चार बैल गोल फिरत धान तुडवत होते. इतकं झकास वर्तुळ आमच्या प्रोफेसरांनाही फळ्यावर काढता येत नसे! मी चुलीतली राख आणली आणि मेढीवरून एक आडवी, एक उभी रेघ मारली. खळ्याची चार चरणं झाली.

"अरे, धानात राख कायले टाकून राहिला?" आई ओरडली. मी लक्ष दिलं नाही.

"मेढ हा आरंभबिंदू. तिच्या पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. बैलांची रांग पूर्वेकडून एकशेवीस अंश फिरली, की शेवटच्या बैलाच्या पायापासून आडव्या रेघेवर लंब टाकायचा. झाला काटकोन त्रिकोण! बैल मेढीपासून दहा हात, तर पाया पाच हात. तोही पश्चिमेला. म्हणून उणे अर्धा!"

बाबांचा चेहरा जरा नरमला. मी जिंकत होतो! तेवढ्यात लक्षात आलं, बैल घड्याळाच्या काट्यासारखे फिरताहेत. कोन तर उलट मोजायचा!

"कवडू, बैल उलटे वळव!"

"कायले?" आमचा गडी कवडू हबकला. "जलमभर असेच फिरून राहिले ना ते!"

"जन्मभर चुकले! वळव!"

बैल वळले. पूर्वेकडून निघून उत्तरेला आले. "नव्वद! कोसाइन शून्य! आता दुसरं चरण, आता उणे..."

मेढीजवळचा म्हातारा ढवळ्या एकदम खाली बसला. बाकीचे तिघे बिथरले, त्यांनी असा हिसका दिला की मेढच उपटली! घाबरून ढवळ्याही उठून धावला. चार बैल आणि माझा आरंभबिंदू, सगळे शेजारच्या लाखोरीच्या उभ्या पिकात!

बैल धरून आणेपर्यंत ऊन उतरलं. बाबा घाम पुसत माझ्यासमोर उभे राहिले.

"पेटी उतरव. उद्याच्या गाडीनं नागपूरले जाय."

"म्हणजे पटलं ना, बाबा?"

"काई नाई पटलं! तू घरी राह्यला तं एक बैल नाई उरत मले!"

कारण काही का असेना, मी गाडीत बसलो! ऐटीत पुस्तक उघडलं. तिथं छापलं होतं: कोन सुलटा मोजा की उलटा, कोसाइन तोच येतो.

मी पुस्तक मिटलं. छापखान्याची चूक असणार!